अकरा सेकंदांची क्लिप : कोल्हापुरातील एका शाळेच्या सीसीटीव्हीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर शहरालगतच्या एका उपनगरातील, पाचवी ते दहावीपर्यंतच्या अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत घडले. घटनेनंतर शाळेने पाच जणांची समिती नेमली आणि मी त्या समितीवर होतो. शाळेची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या मुलाभोवती हे सारे घडले त्याच्या आई-वडिलांना हा मजकूर आधी वाचून दाखवला आणि त्यांनी नको म्हटलेल्या दोन जागा गाळल्या.

बदलापुरातील शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला. शाळेच्या आवारात महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, ते न बसवणाऱ्या शाळेचे अनुदान रोखले जाईल किंवा मान्यता काढली जाईल, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासावे, असे त्यात बजावले होते. त्या निर्णयामागची तळमळ रास्त होती आणि आजही आहे. मात्र महिन्याभराच्या घाईत या शाळेने कॅमेऱ्यांचे काम एका विक्रेत्यावर सोपवले. त्याने एका दुपारी फिरून २२ जागा ठरवल्या, त्यांपैकी नऊ वर्गखोल्यांत होत्या. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, मुख्याध्यापकांच्या दालनात कपाटाशेजारी ठेवला गेला आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवला गेला. कॅमेरे बसल्याचा अहवाल वेळेत गेला. ते कोणी पाहायचे, कोणाला दाखवायचे आणि चित्रण किती दिवस ठेवायचे, याविषयी एक ओळही कोठे लिहिलेली नव्हती.

घटना

सहलीचे दिवस होते. सोमवारी सातवीतील एका विद्यार्थ्याच्या दप्तरातून सहलीचे ८०० रुपये नाहीसे झाले. मंगळवारी सकाळी त्याचे वडील शाळेत आले. “सर, नुसतं बघतो, दुसरं काय न्हाई,” एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुख्याध्यापक मनाने सरळ गृहस्थ आहेत. पालकापासून काही लपवू नये या भावनेने त्यांनी सोमवारचे चित्रण लावले. पडद्यावर ११ वाजून ५२ मिनिटांची वेळ दिसत होती आणि एक मुलगा त्या दप्तरावर वाकून काहीतरी काढून घेत होता. वेळापत्रकाप्रमाणे साडेअकरा ते बारा वाजून पाच मिनिटे या वेळात सातवीचा वर्ग शारीरिक शिक्षणाच्या तासासाठी मैदानावर असायला हवा होता. म्हणजे हा मुलगा तास चुकवून वर्गात आला, असा अर्थ निघाला. त्याच वेळी दुसऱ्या पालकाचा फोन आला म्हणून मुख्याध्यापक दोन मिनिटे दालनाबाहेर गेले. तेवढ्या वेळात वडिलांनी मॉनिटरवरचे दृश्य आपल्या मोबाइलवर टिपून घेतले.

त्या रात्री अकरा सेकंदांची ती क्लिप वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात आली आणि सकाळपर्यंत मुलाच्या गल्लीतल्या गटातही पोहोचली. बुधवारी मुलगा शाळेत आला, पण मधल्या सुट्टीतच घरी निघून गेला. शुक्रवारी पहाटे सहलीची एसटी निघाली तेव्हा त्याने पैसे भरलेली जागा रिकामी होती.

त्या मुलाचे वडील शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाळीवर असल्याने आई एकटीच शाळेत आली. “सर, पोरगं दप्तराला हात लावंना झालंय. तुमच्या कॅमेऱ्यानं त्येला चोर केलं, आता त्योच कॅमेरा त्येला सोडवणार व्हय?” या प्रश्नाला त्या दिवशी शाळेकडे उत्तर नव्हते.

चित्रणात खरोखर काय होते

समिती शनिवारी बसली, म्हणजे घटनेच्या सहाव्या दिवशी. आम्ही पहिल्यांदा डीव्हीआरची क्षमता पाहिली. त्यात दोन टीबीची हार्ड डिस्क होती. एका सेकंदाला साधारण एक मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला दहा-अकरा जीबी जागा खातो, त्यामुळे २२ कॅमेऱ्यांचे चित्रण आठ-नऊ दिवसांत स्वतःच्याच जुन्या चित्रणावर लिहिले जात होते. समिती पुढच्या आठवड्याच्या शेवटी बसली असती तर मूळ चित्रण संपले असते आणि जगात फक्त ती क्लिप उरली असती.

मूळ चित्रण लावल्यावर दोन गोष्टी दिसल्या. क्लिपमध्ये मुलगा एकटा दिसतो, कारण चित्रण करताना फोन झूम केला होता. पडद्यावरच्या पूर्ण चित्रात मागच्या बाकांवर आणखी चार मुले दप्तरे आवरताना दिसत होती. दुसरी गोष्ट सहज लक्षात आली. मॉनिटरवरची त्या क्षणाची वेळ आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ यांत १७ मिनिटांचे अंतर होते. डीव्हीआरमधली बटणाएवढी बॅटरी संपली होती आणि वीज गेली की तेवढा वेळ त्याचे घड्याळ थांबत होते. ११ वाजून ५२ मिनिटे ही प्रत्यक्षात १२ वाजून ९ मिनिटे होती. मैदानावरचा तास संपून चार मिनिटे झाली होती आणि मुले नुकतीच वर्गात परतत होती. मुख्याध्यापकांनीही मागची चार मुले मंगळवारी पाहिली होती, पण वेळेवर विश्वास ठेवल्याने तीही तास बुडवून आलेली असतील असे त्यांनी गृहीत धरले होते.

मुलगा दप्तरातून काय काढत होता, हे चित्रणात दिसत नव्हते. ते वर्गशिक्षिकेने ज्याचे दप्तर होते त्याच मुलाला विचारल्यावर कळले. त्याने त्या मुलाची गणिताची वही उसनी घेतली होती आणि मैदानावरून येताना “दप्तरातनं घे” असे स्वतःच सांगितले होते. सहा दिवसांत त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. मोठ्यांनी कॅमेऱ्याला विचारले आणि मुलाला विचारायचे राहून गेले. या संपूर्ण प्रकरणातली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

कायद्याची बाजू

समितीने एका वकिलांचा सल्ला घेतला. तो सविस्तर देण्याचे कारण असे की, सीसीटीव्ही सक्तीचे आहेत म्हणजे त्याबाबत आपल्याला सर्व मुभा आहे, असा समज या शाळेत होता आणि तो इतरत्रही असू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर आलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. डेटा सांभाळणाऱ्यांवरील बहुतेक बंधने नियम प्रसिद्ध झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यायची आहेत. आमच्या एका संस्थाचालकांनी यावर “मग आत्ता घाई कशाला?” असा प्रश्न विचारला. वकिलांचे उत्तर होते की, मुलाचे नुकसान २०२७ ची वाट पाहत थांबलेले नाही.

अधिनियमाचे कलम ९ अठरा वर्षांखालील मुलांविषयी आहे. त्यात तीन गोष्टी आहेत: मुलाचा डेटा वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलाच्या हिताला बाधा आणणारा वापर करू नये, आणि मुलांवर पाळत ठेवू नये किंवा त्यांच्या वर्तनाची टेहळणी करू नये. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या बंधनातून नियमांच्या चौथ्या परिशिष्टाने शैक्षणिक संस्थांना सूट दिली आहे, पण ती त्यांच्या शैक्षणिक कामापुरती किंवा तेथील मुलांच्या सुरक्षिततेपुरती मर्यादित आहे. दुसऱ्या बंधनातून, म्हणजे मुलाच्या हिताला बाधा न आणण्याच्या कर्तव्यातून, सूट नाही. वकिलांनी या वाक्याखाली दोनदा रेघ मारली. मागच्या गेटवर कोण येते-जाते हे पाहणे सुरक्षिततेत बसते. एका पालकाला दुसऱ्याच्या मुलाचे चित्रण दाखवणे आणि त्यातून ते गल्लीभर पसरणे कोणत्याही अर्थाने बसत नाही.

त्यांनी आणखी एका तरतुदीकडे लक्ष वेधले. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार, ज्या मुलाच्या हातून खरोखर गुन्हा घडला आहे त्याचीही ओळख प्रसारमाध्यमांत उघड करता येत नाही. येथे गुन्हा नव्हता आणि चौकशीही नव्हती, तरी ओळख मात्र शंभर-दीडशे फोनवर होती. डेटा संरक्षण अधिनियमातील दंडाचे आकडे ऐकून, म्हणजे मुलांविषयीच्या कर्तव्यभंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत आणि डेटाची सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, बैठकीत काही काळ शांतता पसरली. ही कमाल मर्यादा आहे आणि भंगाचे गांभीर्य पाहून रक्कम ठरते, हे वकिलांनी समजावून सांगितले.

तोललेले पर्याय

क्लिपबाबत तातडीचा प्रश्न होता की मूळ चित्रण पुसायचे की ठेवायचे. मुलाच्या आईची इच्छा पुसण्याची होती आणि ती समजण्यासारखी होती. पण पैसे हरवलेल्या मुलाचे वडील पोलिसांत जाण्याची भाषा करत होते आणि तसे झाल्यास मुलाच्या बाजूने बोलणारा एकमेव पुरावा तेच चित्रण होते. आम्ही ते ठेवण्याचे ठरवले. वर्गातल्या त्या कॅमेऱ्याचे अर्ध्या तासाचे चित्रण पेन ड्राइव्हवर घेतले, हॅश (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) काढून नोंदवला, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तो लागतो, घड्याळातील १७ मिनिटांचा फरक लेखी टिपला आणि पाकीट सीलबंद करून कपाटात ठेवले.

कॅमेऱ्यांच्या पुढील व्यवस्थेवर मात्र तीन बैठका लागल्या. शिक्षकांचे म्हणणे होते की वर्गातले सर्व कॅमेरे काढावेत; सतत डोक्यावर डोळा असताना मोकळेपणाने शिकवता येत नाही आणि मुलेही प्रश्न विचारायला कचरतात. पालक प्रतिनिधींपैकी दोन माता याच्या ठाम विरोधात होत्या. त्यांच्या मुली पाचवीत होत्या, बदलापूरची बातमी त्यांच्या मनातून गेलेली नव्हती, आणि त्या भीतीला युक्तिवादाने उत्तर देणे मला तरी जमले नाही. विक्रेत्याने तिसराच मार्ग सुचवला: प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर वर्गाचे थेट चित्रण द्यावे आणि सोबत चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणाही बसवावी. संस्थेतील काहींना हे आकर्षक वाटले. आमचा आक्षेप साधा होता. एका मॉनिटरसमोर दोन मिनिटे एक फोन राहिला तर एवढे झाले. वर्गातल्या साठ घरांच्या फोनवर रोज साठ मुलांचे चित्रण गेल्यावर काय होईल, ही कल्पना करायला अवघड नाही. चेहऱ्याची मोजमापे घेऊन ठेवण्याची तर शाळेला काही गरजच नव्हती, कारण वर्गशिक्षिका पाच मिनिटांत हजेरी घेतात.

निर्णायक ठरली ती शाळेभोवतीची एक फेरी. सफाईच्या मावशी, शिपाई मामा आणि आठवी-नववीची चार मुले-मुली यांना बरोबर घेऊन आम्ही आवार फिरलो. धाकटी मुले कोठे अडवली जातात, डबे कोठे हिसकावले जातात, अनोळखी माणसे कोणत्या भिंतीवरून डोकावतात, हे त्यांना पाठ होते: जिन्याखालची अंधारी जागा, पाण्याच्या टाकीमागची बोळ, सायकल स्टँडचा मागचा कोपरा. या तीनही जागी एकही कॅमेरा नव्हता. उलट मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावलेला कॅमेरा पाहून मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “बाईस्नी विचारा, ह्यो जरा बघाय पायजे.” दार उघडले की त्या कॅमेऱ्यात आतल्या बेसिनवरचा आरसा दिसत होता. वर्षभर कोणाच्या हे लक्षात आले नव्हते, आणि ज्यांच्या आले असेल त्यांना सांगावेसे वाटले नव्हते.

केलेली कार्यवाही

आरशाचे काम त्याच दिवशी झाले. कॅमेरा वळवून फक्त वाटेचे तोंड दिसेल असा लावला आणि दाराचा भाग यंत्रातच झाकला. मधल्या सुट्टीत त्या वाटेवर एका शिक्षिकेची पाळी लावली. वर्गखोल्यांतील नऊपैकी दोन कॅमेरे, प्रयोगशाळेतला आणि संगणक कक्षातला, ठेवले. उरलेले सात जिना, टाकीमागची बोळ, सायकल स्टँड, मागचे गेट आणि वर्गांसमोरच्या ओट्यांकडे हलवले. दोन्ही माता यावर पूर्ण समाधानी झाल्या नाहीत. पाचवीच्या वर्गांची दारे ओट्यावरच्या कॅमेऱ्यात दिसतील आणि शिकवताना दार बंद राहणार नाही, या अटीवर त्यांनी मान्यता दिली.

चित्रण किती दिवस ठेवायचे यावर मतभेद झाले. सीबीएसईने आपल्या शाळांना किमान १५ दिवसांची अट घातली आहे. ही शाळा राज्य मंडळाची असली तरी तो आकडा चर्चेत आला. आम्ही ३० दिवस ठरवले. कारण मुले लगेच बोलत नाहीत. तक्रारपेटी आठवड्याने उघडते, मग विचारपूस होते, आणि त्यात पंधरवडा सहज जातो. ९० दिवसांची सूचनाही होती, पण सुरक्षिततेसाठी न लागणारे चित्रण साठवणे म्हणजे सांभाळण्याचा धोकाच वाढवणे होते. त्यासाठी आठ टीबीची डिस्क बसवली, बॅटरी बदलली, आणि दर सोमवारी घड्याळ जुळवून नोंदवहीत सही करण्याचे काम लिपिकांकडे दिले.

प्रवेश कोणाकोणाकडे आहे हे तपासताना कळले की, यंत्रणेचे अॅप मुख्याध्यापक, दोन संस्थाचालक, विक्रेता, त्याचा कामगार आणि नोकरी सोडून गेलेला एक लिपिक अशा सहा फोनवर चालू होते आणि सर्वांचा पासवर्ड एकच होता. बाहेरून पाहण्याची सोय बंद केली. आता मुख्याध्यापक आणि एक ज्येष्ठ शिक्षिका या दोघांनाच स्वतंत्र पासवर्ड आहेत. शासन निर्णयाप्रमाणे आठवड्यातून तीनदा होणारी तपासणीही नोंदवहीत लिहिली जाते. विक्रेत्याबरोबर लेखी करार केला. यंत्र दुरुस्तीला गेले तरी हार्ड डिस्क शाळेतच राहील, ही अट त्यात आहे.

पालकांना चित्रण पाहायचे असल्यास लेखी अर्ज लागतो. आधी वर्गशिक्षक संबंधित मुलांशी बोलतात. तरीही गरज राहिली तर मुख्याध्यापक आणि शिक्षिका स्वतः पाहून काय दिसले ते पालकाला सांगतात. पालकाला प्रत्यक्ष दाखवायचेच असेल तर फक्त त्याच्या मुलाचा भाग, फोन बाहेरच्या टेबलावर ठेवून. प्रत फक्त न्यायालय, बालकल्याण समिती किंवा लेखी मागणी करणारे पोलीस यांनाच मिळते.

प्रवेश अर्जासोबत विक्रेत्याने दिलेला इंग्रजी कागद जोडलेला असे आणि पालक न वाचता सही करत. डेटा संरक्षण कायद्यानुसार सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याचा पर्याय असायला हवा. आम्ही ती साध्या मराठीत लिहिली आणि गेटवर हा फलक लावला:

“या आवारात मुलांच्या सुरक्षिततेसाठी कॅमेरे आहेत. आवाज नोंदवला जात नाही. चित्रण ३० दिवसांनी पुसले जाते. ते मुख्याध्यापक व नेमलेल्या शिक्षिका यांच्याशिवाय कोणी पाहत नाही. शंका किंवा तक्रार असल्यास मुख्याध्यापकांना भेटावे.”

परिणाम

मुलगा अकराव्या दिवशी शाळेत आला. त्याने तुकडी बदलून मागितली आणि ती दिली. पैसे सापडले नाहीत. ज्याचे पैसे हरवले त्याला शिक्षकांनी वर्गणी काढून सहलीला नेले होते. ज्याच्यावर आळ आला त्याचे सहलीचे पैसे परत केले. त्याच्या आईने ते घेतले, पण पावतीवर सही करताना काही बोलली नाही. क्लिप टाकणाऱ्या वडिलांनी गटात दिलगिरी व्यक्त केली. पोलिसांत कोणी गेले नाही. दोन्ही कुटुंबांनी वाद मिटल्याचे लिहून दिल्यावर सीलबंद पेन ड्राइव्ह त्यांच्यासमोर नष्ट केला आणि तशी नोंद केली. दोन महिन्यांनी तीच क्लिप आईच्या माहेरच्या गावच्या एका गटात फिरताना आढळली. तेथील गटप्रमुखाला फोन करून ती काढायला लावली, पण ती आणखी कोठे आहे हे शोधून काढण्याचा मार्ग शाळेकडे नाही.

नवी व्यवस्था सुरू झाल्यावर पहिल्या सत्रात चित्रण पाहण्यासाठी सात अर्ज आले. त्यांपैकी पाच वर्गशिक्षकांनी मुलांशी बोलल्यावरच मागे घेतले गेले.

वेगळे काय करता आले असते

मंगळवारी सकाळी मुख्याध्यापकांनी “मी पाहतो आणि तुम्हाला उद्या सांगतो” एवढे म्हटले असते तर बहुतेक सारे टळले असते. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण समोर रागावलेला पालक असताना नकार द्यायला हातात लेखी नियम लागतो आणि तो संस्थेने त्यांना दिलेला नव्हता. त्यामुळे ही चूक मी त्यांच्यापेक्षा संस्थेची मानतो.

समितीकडूनही एक चूक झाली आणि तिचा वाटा माझाही आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही पालकांच्या गटात खुलासा पाठवला: क्लिप अपुरी आहे, तिच्यावरील वेळ चुकीची आहे, कोणताही विद्यार्थी दोषी नाही, सर्वांनी ती पुसावी. मुलाची ओळख पुन्हा उघड होऊ नये म्हणून आम्ही नाव टाळले आणि ते योग्यच आहे असे आम्हाला वाटले. नंतर आईने सांगितले की, चोर म्हणताना सर्वांनी नाव घेतले होते, निर्दोष म्हणताना मात्र शाळेने घेतले नाही. नाव घ्यायचे की नाही हा निर्णय तिचा आणि मुलाचा होता. ते शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. मजकूर लिहिण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन विचारता आले असते. आम्ही गेलो सोमवारी.